मायक्रोलाइटच्या टू-स्ट्रोकला प्लग निवडताना

बेळगावात, त्यातही आमच्या उद्यमबागेत, इंजिनावर सल्ला द्यायला माणूस शोधावा लागत नाही. मायक्रोलाइटचं, म्हणजे एक-दोन माणसांच्या हलक्या विमानाचं, इंजिन शेडमध्ये उघडलं की बाइकवाली पोरं जमतात आणि कुणीतरी म्हणतंच, "मामा, स्पार्क प्लग काळा पडतोय न्हवं? एक नंबरनं गरम घाला की, संपला विषय." बाइकला हे एकवेळ चालेल. ती बंद पडली तर खानापूर रोडच्या कडेला लावता येते.

पहिल्यांदा मॅन्युअल काढा आणि त्यातला नंबर पूर्ण वाचा, अक्षरांसकट. रोटॅक्स 582 या दोन सिलिंडरच्या मायक्रोलाइट इंजिनाला (प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग) एनजीके कंपनीचा बीआर8ईएस लागतो. यातला बी म्हणजे 14 मिलिमीटरचा आटा. आर म्हणजे आत रेझिस्टर. तो नसला तर रेडिओत खरखर येते. ई म्हणजे आट्याची लांबी, 19 मिलिमीटर. इथं लोक फसतात, कारण जुन्या टू-स्ट्रोक बाइकच्या बऱ्याच प्लगवर ईच्या जागी एच असतो आणि तो प्लग 12.7 मिलिमीटरचा. जाडी तीच, त्यामुळं हेडमध्ये बिनतक्रार बसतो. पण टोक आत पोचत नाही, ठिणगी खोबणीत पडते आणि उघड्या राहिलेल्या आट्यांत कार्बन भरतो. पुढं बरोबर प्लग घालायला गेलात की तो कार्बन हेडचे आटे खातो. उलटं, आखूड हेडमध्ये लांब प्लग घातला तर पिस्टनच प्लगवर आपटू शकतो.

मधला 8 हा उष्णतेचा नंबर. प्लगच्या टोकाची चिनी माती आखूड असली की उष्णता पटकन हेडमध्ये उतरते, म्हणून तो थंड प्लग. टोक लांब असलं की गरम. एनजीकेत नंबर वाढेल तसा प्लग थंड. बॉशमध्ये आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं. त्यामुळं दुकानदारानं काउंटरवर "हा पण आठच आहे" म्हणून दुसऱ्या कंपनीचा डबा सरकवला तर घेऊ नका. तुलनेचा तक्ता बघितल्याशिवाय कंपनी बदलायचीच नाही.

आता काळ्या प्लगचं. टोक साधारण 450 अंश सेल्सियसच्या वर राहिलं तर कार्बन आपोआप जळतो. 850 च्या पुढं गेलं तर टोकच निखारा होऊन ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतं. म्हणून गरम प्लगनं काळेपणा जातो हे खरं, पण काळं का पडतंय ते तसंच राहतं. सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून जवळजवळ 2,500 फुटांवर आहे. इथली हवा विरळ, त्यामुळं खालच्या हवेसाठी लावलेल्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) मिश्रण इथं रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. तुम्ही जेटला हात न लावता 7 नंबर घातलात आणि प्लग छान चॉकलेटी दिसायला लागला. मग तेच यंत्र ट्रेलरवर घालून चोर्ला घाटातनं गोव्याला उतरवलंत. खाली हवा दाट, मिश्रण लीन (पेट्रोल कमी), एक्झॉस्टचं तापमान चढलं आणि वर प्लगही गरम. पिस्टनला भोक पडायला एवढं पुरतं. जेट, सुईची खाच आणि तेलाचं प्रमाण आधी बघा (हातानं मिसळत असाल तर 50 ला 1). 582 ला एक्झॉस्टची कमाल मर्यादा 650 अंश आहे; गेजवरचा आकडा प्लगच्या रंगाइतकाच महत्त्वाचा.

रंग बघायची पण रीत आहे. उतरून, आयडलवर गप्पा मारत उभं राहून मग प्लग काढला तर तो काळाच निघणार, त्यात नवल नाही. यंत्र नीट बांधून फुल थ्रॉटलवर चालवा, तिथंच इग्निशन बंद करा, मग काढा. चॉकलेटी किंवा फिकट तपकिरी ठीक. पांढराफटक दिसला तर उडायचं नाही. चिनी मातीवर राखाडी चकचकीत बारीक मणी दिसले तर ते पिस्टनचं अल्युमिनियम आहे, हेड उघडा.

डोक्यावरची टोपी आट्याची नसलेला, सलग टोकाचा प्लग मिळाला तर तोच घ्या. आट्याची टोपी कंपनानं सैल होते आणि ठिणगी अधूनमधून चुकते. गॅप 0.4 ते 0.5 मिलिमीटर, नवीन प्लगचा बहुतेक वेळा जास्त असतो, फिलर गेजनं मोजूनच घाला. इंजिन थंड असताना हातानं शेवटपर्यंत फिरवा, मग टॉर्क पान्यानं 27 न्यूटन-मीटर.

दर 25 तासांनी चारही बदला, दिसायला चांगले असले तरी. जुने कुठल्या सिलिंडरचे, कुठल्या बाजूचे ते मार्करनं लिहून ठेवा. एकाच सिलिंडरचे दोन्ही प्लग बाकीच्यांपेक्षा पांढरे निघाले तर त्या बाजूची कार्बोरेटर आणि इंजिनामधली रबरी मॅनिफोल्ड चिरली आहे का बघा, तिथनं हवा ओढत असेल.