डार्क अँबियंट घरच्या घरी : या चुका टाळा

रात्री साडेअकराला घर निजलं की हेडफोन लावायचे, लॅपटॉप उघडायचा आणि एखादा खर्जातला सूर लांबवत बसायचं, हा माझा काही वर्षांचा उद्योग आहे. अशा लांबलेल्या, काळोख्या सुरांच्या संगीताला डार्क अँबियंट म्हणतात. ताल नाही, चाल नाही, गाणारं कुणी नाही. मग यात चुकणार तरी काय, असं बाहेरून वाटतं. पण ताल आणि चाल नसल्यामुळेच इथे चूक लपवायला आडोसा मिळत नाही. मी केलेल्या आणि इतरांच्या ट्रॅकमध्ये ओळखू येणाऱ्या काही चुका सांगतो.

मेलेला ड्रोन

ही सगळ्यात मोठी चूक. ड्रोन म्हणजे सलग लांबवलेला सूर. सिंथवर (सिंथेसायझरवर) एक पट्टी दाबून धरली, वर रिव्हर्ब (घुमारा) ओतला, झाला ड्रोन! विसाव्या सेकंदाला तो फ्रिजसारखा ऐकू येतो. (फ्रिज तरी बरा, मधूनमधून बंद पडतो.)

यावरचा धडा आपल्या घरातच आहे: तंबोरा. चार तारा, तेच ते स्वर, तरी तासभर कंटाळा येत नाही. जवारीमुळे प्रत्येक तारेतून उपस्वर उमलतात आणि विझतात, आणि जोडीच्या दोन तारा केसभर इकडेतिकडे असल्या की त्यांच्यात हेलकावा येतो. सिंथवर हेच करायचं. दोन ऑसिलेटर (सिंथमधले सूर निर्माण करणारे भाग) घ्या आणि एक किंचित उतरवा. ५५ हर्ट्झच्या सुरावर चार सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक ठेवला तर साधारण आठ सेकंदांना एक हेलकावा येतो. पंधरा-वीस सेंट उतरवलंत तर मात्र तो दीड-दोन सेकंदांवर येतो आणि संथपणा राहत नाही.

मग फिल्टर, आवाजाची पातळी आणि डावं-उजवं या तिन्हींना वेगवेगळे एलएफओ (त्यांना हळूहळू वर-खाली हलवणाऱ्या संथ लहरी) लावा, पण त्यांचे वेग एकमेकांच्या पटीत नकोत. १०, २० आणि ४० सेकंद घेतलेत तर दर चाळीस सेकंदांनी सगळं पुन्हा तिथेच येतं आणि कान ते पकडतो. ३७, ५३ आणि ७१ घ्या. तिघे पुन्हा एकाच जागी यायला साडेअडतीस तासांहून जास्त लागतात. अँबियंट संगीताचा प्रणेता ब्रायन ईनो याने १९७८च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या अल्बममध्ये वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या लूपांनी (पुन्हापुन्हा फिरणाऱ्या तुकड्यांनी) हेच साधलं होतं. आपल्याला कात्री-चिकटपट्टीही लागत नाही.

रिव्हर्बचा चिखल

वल्हाला सुपरमॅसिव्ह हा रिव्हर्बचा प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) फुकट आहे, आणि त्याचे परिणाम जगभर ऐकू येतात. प्रत्येक ट्रॅकवर वीस सेकंदांचा रिव्हर्ब, आणि त्यात खर्जही सोडलेला. चार थर झाले की ‘घोंऽऽ’ शिवाय काही उरत नाही.

रिव्हर्ब वेगळ्या बसवर (अनेक ट्रॅक एकत्र येतात त्या वाटेवर) एकच ठेवा, ट्रॅक तिकडे पाठवा. रिव्हर्बच्या आधी इक्यू (आवाजाचे वरचे-खालचे भाग कमीजास्त करणारं साधन) लावून १५०-२०० हर्ट्झच्या खालचं कापा, म्हणजे खर्ज कोरडा आणि स्वच्छ राहील. वरचंही पाच-सहा हजार हर्ट्झनंतर उतरवा. मोठ्या दगडी जागेत वरचे आवाज आधी विरतात, म्हणून झगझगीत रिव्हर्ब प्लॅस्टिकचा वाटतो. आणि एक आवाज मुद्दाम कोरडा सोडा. कानाजवळ साखळी हलल्याची किंवा कागद चुरगळल्याची खसखस असली तरच मागचा दूरपणा जाणवतो. सगळंच लांब असेल तर काहीच लांब वाटत नाही. ही गोष्ट समजायला मला दोन वर्षं लागली.

मध्यरात्रीचं मिक्सिंग

घरचे झोपलेत म्हणून आवाज बारीक ठेवून मिक्स केलं, सकाळी गाडीत लावलं, तर काचा थरथरल्या. यात गाडीचा दोष नाही. बारीक आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं आहे. आपण बारीक आवाजात खर्ज वाढवत जातो आणि मोठ्या आवाजात तो अंगावर येतो. रात्री थर रचा, खर्जाचा निर्णय दिवसा घ्या.

उलट तक्रारही असते: ‘मोबाइलवर काहीच ऐकू येत नाही’. फोनच्या स्पीकरातून ५० हर्ट्झ निघणारच नाही. खर्जावर हलकं सॅच्युरेशन (आवाज किंचित विकृत करणारा परिणाम) लावलं की वरचे उपस्वर तयार होतात आणि मूळ सूर नसूनही कान तो भरून काढतो. मिक्स मोनो (डावं-उजवं एकत्र) करूनही ऐका. स्टिरिओ रुंद करणाऱ्या प्लगइनने खर्ज पसरवला असेल तर मोनोत तो स्वतःलाच खाऊन टाकतो. १२० हर्ट्झच्या खालचं मधोमध राहू द्या आणि २५-३०च्या खालचं कापून टाका. ते ऐकू येत नाही, पण लिमिटरला (आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणाऱ्या साधनाला) उगाच दाबत राहतं.

घरातली वीज सुरात मिसळते तेव्हा

हा दोष शोधायला मला एक आख्खा पावसाळा लागला. पांढरी पाचच्या खर्जातला ड्रोन लावला की सेकंदाला एक ठोका येई. सिंथ बदलला, प्लगइन काढले, ठोका तसाच. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि ठोका गेला. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि त्या सप्तकातला पांढरी पाच ४९ हर्ट्झचा. एका हर्ट्झचा फरक म्हणजे सेकंदाला एक ठोका. चार्जरमधून येणारा हम्म माझ्या सुराशी भांडत होता.

रेकॉर्डिंग बॅटरीवर करा, नाहीतर ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. अर्थिंग न केलेल्या पॉइंटवर मात्र हम्म सहसा जात नाही. आधीच रेकॉर्ड झालं असेल तर ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर अरुंद नॉच (तेवढाच भाग कापणारा फिल्टर) लावा. मी मात्र एकदा हार मानून ड्रोनच पस्तीस सेंट चढवला आणि विजेच्या सुरात बसवला. तो ट्रॅक अजून आवडतो.

फोनवरचं रेकॉर्डिंग

डार्क अँबियंटमधला कलाकार लस्टमॉर्ड याने १९९०च्या ‘हेरेसी’ या अल्बमसाठी गुहा आणि तळघरं धुंडाळली. आपल्याला सोसायटीची पाण्याची टाकी, लिफ्टचा डक्ट, पत्र्यावरचा आषाढ पुरतो. पण फोनचा साधा रेकॉर्डर बोलण्यासाठी बनवलेला असतो. सलग चालणारी घरघर त्याला गोंगाट वाटते आणि तो ती पुसतो. म्हणजे आपल्याला हवं तेच जातं. नॉइज सप्रेशन आणि आपोआप पातळी धरणं, दोन्ही बंद करता येणारं अॅप घ्या, वेव्हमध्ये (न दाबलेल्या ऑडिओ फाइलमध्ये) रेकॉर्ड करा, आणि फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आवाज चौपट संथ केल्यावर गोधडीखालून आल्यासारखा वाटतो, ही नेहमीची तक्रार. ४४.१ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये २२ हजार हर्ट्झपर्यंतच मजकूर असतो. टेपसारखं चौपट संथ केलं की त्याचा माथा साडेपाच हजारांवर येतो, त्याच्या वर मोकळं रान. ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं तर फायदा होतो, पण मायक्रोफोनलाही तेवढं वरचं ऐकू यायला हवं. सोपा उपाय म्हणजे संथ न केलेला बारीक थर वर पसरणं: वाळू, तांदूळ निवडतानाची सळसळ, चुलीतली तडतड. सूर न उतरवता ताणायचं असेल तर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमधला पॉलस्ट्रेच वापरा.

किरकोळ, पण नेहमीचं

घुबड, दार करकरणं, बाईची किंकाळी घालू नका. ते हॉरर सिनेमाचं सामान आहे, आणि दुसऱ्यांदा ऐकताना हसू येतं. त्यापेक्षा रात्री माळावरून जाणारी टिटवी एकदाच, लांबून घ्या. फ्रीसाउंड या संकेतस्थळावरून आवाज घेताना परवाना वाचा. तिथे काही आवाज बिगरव्यावसायिक वापरापुरतेच दिलेले असतात. मास्टर (शेवटचा तयार ट्रॅक) ठोकून मोठा करू नका. स्पॉटिफाय तो उणे १४ लफ्सच्या (आवाजाच्या मोठेपणाच्या एककाच्या) आसपास आणून ठेवतं, मग चढउतार गमावून मिळवलंत काय?

आणि ट्रॅक एक्स्पोर्ट करताना शेवट तपासा. प्रोजेक्ट संपतो तिथे रिव्हर्ब संपलेला नसतो, फाइल मात्र तिथेच कापली जाते. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या रेंडर खिडकीत ‘टेल’ नावाचा पर्याय आहे. त्यात तीस सेकंद टाका आणि उरलेली शांतता नंतर हाताने छाटा.