चंद्रपूरचा परकोट पाहायला निघताना

आमच्या मूल गावाकडचा माणूस चंद्रपूरला जातो तो दवाखान्यात, कोर्टात नाहीतर महाकालीला. शहराभोवतीच्या जुन्या कोटाच्या जटपुरा गेटखालून शंभरदा जातो, पण एकदाही मान वर करून पाहत नाही. म्हणून आधी घरात सांगून ठेवा, की या खेपेला दुसरं कोणतंही काम सांगू नका.

तारीख पंचांग बघून धरा. चैत्रात महाकालीची जत्रा असते, तेव्हा खोली मिळणं कठीण. मे तर नकोच; ४६-४७ अंशांत त्या दगडाला हात लावून बघा म्हणजे कळेल. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बरं. पण याच दिवसांत ताडोब्याचे पाहुणे येतात, तेव्हा शनिवार-रविवार सोडून मधला वार गाठा.

लॉज जटपुरा गेटपासून चालत जाता येईल असा पाहा. फोनवर दोनच गोष्टी विचारा. खोली चोवीस तासांची की दुपारी बारापर्यंतची, आणि गरम पाणी किती वाजता येतं? मागच्या हिवाळ्यात एका लॉजवाल्याने "येते ना भाऊ, येते" करत आठ वाजवले आणि पठाणपुरा दरवाजा पाहायची सकाळ आमच्या हातून गेली. आधार कार्ड प्रत्येकाचं घ्या, झेरॉक्ससह. तेच एसटीत कामी येतं. ७५ ओलांडलेल्या आजीला तिकीट नाही, बायांना अर्धं.

एका वहीत नावं लिहून न्या. दरवाजे चार, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. खिडक्या पाच, हनुमान, विठोबा, बगड, चोर, मसाण. खिडकी म्हणजे परकोटातली लहान वाट. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहाने हा कोट सुरू केला, पुढच्या पिढ्यांनी पुरा केला. दंतकथा अशी, की इथे सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला, आणि ते दोघं जिथून पळाले तिथून भिंत घातली. नातवंडं सोबत असतील तर ही गोष्ट जटपुऱ्यालाच सांगा, पुढे ती न कुरकुरता चालतात. दरवाजावर गोंड राजांचं चिन्ह शोधा. सिंहाने हत्ती दाबून धरलाय, आणि सिंहापुढे हत्ती अगदीच एवढुसा. उन्हं तिरपी असताना ते नीट उठून दिसतं, म्हणून सकाळ.

पायात बूट हवेत. इको-प्रो या इथल्या पर्यावरण संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून झुडपं काढली, म्हणून बुरुजांपर्यंत जाता येतं, तरी चपलेचं काम नाही. डोक्याला दुपट्टा, पाण्याच्या दोन बाटल्या. अंचलेश्वराजवळ राणी हिराईने बांधलेली तिच्या नवऱ्याची, गोंड राजा बीरशाहाची समाधी आहे. तिथे घाई करू नका, अर्धा तास ठेवा. डबा घरून न्या, पण तर्री पोह्यापुरती जागा पोटात ठेवा.

आणि बसस्टँडवर उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चौकशीवर विचारून घ्या. वहीत सहावी खिडकी म्हणून तीच लिहा.