तिथीची पाऊणपट आणि हरिहरेश्वरची चप्पल

कोथरूडहून पहाटे साडेपाचलाच निघा. चांदणी चौक, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा. घाटात वळणं फार, म्हणून मी पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या ठेवते. मुक्काम दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, कुठेही चालेल. फक्त शनिवार-रविवार टाळा. अर्धं पुणं तिथेच भेटतं.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्राकाठच्या खडकांवरून जाते, ती ओहोटीलाच करायची. वेळ काढायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं. अर्थात हा अंदाज. खडकावर उतरण्याआधी गावात विचाराच. आम्ही एकदा नाही विचारलं, आणि माझी नवी चप्पल अरबी समुद्राने नेली.

श्रीवर्धन हे भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं मूळ गाव. ह्यांना तिथे उगीचच आजोळी आल्यासारखं वाटतं.

उकडीचे मोदक हवेत तर खाणावळीत आदल्या रात्रीच सांगून ठेवा. दुपारी सोलकढी पिऊन सुरूच्या सावलीत चटई टाका. मोबाइल खोलीवरच राहू द्या.