जुन्या गाडीचा पंखा: बेल्टवरचा ठेवावा की इलेक्ट्रिक बसवावा?

प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा जुनी पेट्रोल जीप सांभाळणाऱ्याची गाडी उन्हाळ्यात एकदा तापली की त्याला पहिला सल्ला मिळतो तो "मारुतीचा पंखा बसवून टाका" हा, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंखा काढून विजेच्या मोटरवरचा लावा. सल्ला देणाऱ्याने बहुधा बॉनेटही उघडून पाहिलेले नसते. मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले असते, त्यामुळे क्रँकशाफ्टची पुली रेडिएटरच्या समोर येत नाही आणि मोटरवर चालणारा पंखा ही त्या रचनेचीच गरज ठरते. त्या गाडीचा ऑल्टर्नेटरही (वीज तयार करणारे यंत्र) त्या पंख्याचा भार गृहीत धरून दिलेला असतो. जुन्या गाडीत यातले काहीच गृहीत धरता येत नाही. म्हणून पंखा विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात: गाडी नेमकी कोठे तापते आणि आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन मंद गतीने चालू असताना, तिच्यात वीज किती तयार होते. बाकीचे निर्णय या दोन उत्तरांमागून आपोआप येतात.

गाडी कोठे तापते?

मोकळ्या महामार्गावर ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे गाडीच्या वेगानेच रेडिएटरमधून पुरेशी हवा जाते आणि पंखा असला काय, नसला काय, फारसा फरक पडत नाही. त्या वेगाला गाडी तापत असेल तर दोष रेडिएटरमध्ये, वॉटर पंपात, इग्निशनच्या टायमिंगमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये शोधावा. वर्षानुवर्षे बोअरवेलचे पाणी भरलेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी अर्ध्या बुजलेल्या असतात. अशा रेडिएटरवर कोणताही पंखा बसवला तरी पैसे वाया जातात. आधी रेडिएटरवाल्याकडून टाक्या उघडून नळ्यांत रॉड मारून घ्यावा आणि त्यानंतर विचार करावा.

सिग्नलवर किंवा वाहतूक कोंडीत तापून पुन्हा धावू लागताच थंड होणारी गाडी मात्र हवेच्या अभावी तापते आणि तिथे पंख्याचा प्रश्न खरा आहे. घाटाचे गणित याहून वेगळे आहे. कसारा किंवा आंबेनळी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सावकाश चढते, पण इंजिन जोरात फिरत असते, त्यामुळे बेल्टवरचा पंखाही जोरात फिरतो आणि ऐन गरजेच्या वेळी भरपूर हवा ओढतो. इलेक्ट्रिक पंखा घाट असो वा सिग्नल, एकाच गतीने फिरतो. ज्यांची गाडी मुख्यतः घाटात, भरलेल्या टपासह चालते, त्यांनी बेल्टवरचा पंखा काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या डिझेल जीपच्या बाबतीत तर मी याचा विचारही करत नाही.

आहे तो पंखा पूर्ण काम करतो का?

बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण बारा ते पंधरा मिलिमीटर दबला पाहिजे. पाती वाकलेली नसावीत आणि पंखा उलटा बसवलेला नसावा. उलटा बसवलेला पंखा हवा त्याच दिशेने ढकलतो, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण पात्याचा बाक विरुद्ध झाल्याने हवा बरीच कमी होते. पंख्याभोवतीचा काउल, म्हणजे हवेला वाट देणारे कडे, हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अनेक गाड्यांत तो कोणीतरी काम करताना काढलेला असतो आणि परत बसवलेलाच नसतो. काउल नसला की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनच्या बाजूची गरम हवाच पुन्हा पुन्हा फिरवतो. पात्यांची रुंदी निम्मी काउलच्या आत आणि निम्मी बाहेर राहील असा पत्र्याचा काउल चांगला पत्रेवाला करून देतो, आणि कित्येक गाड्यांचा प्रश्न एवढ्यावरच मिटतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेल्या. त्याआधी कित्येक दशके त्या शहराच्या कोंडीत त्या बेल्टवरच्या पंख्यावरच चालल्या, हे विसरू नये.

विजेचा हिशेब

या कामातला खरा अवघड टप्पा हा आहे. मला स्वतःला सर्वाधिक झगडावे लागले ते इथेच, कारण सगळे काम बरोबर करूनही गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होत नसे आणि दोष पंख्यात सापडत नसे.

जुन्या पद्मिनी आणि ॲम्बेसेडरमध्ये ऑल्टर्नेटरऐवजी डायनामो हे जुन्या पद्धतीचे वीज तयार करणारे यंत्र असते. डायनामोची पूर्ण क्षमताच साधारण वीस अँपिअरच्या आसपास असते आणि तीही इंजिन चांगल्या गतीने फिरत असताना. आयडलिंगवर डायनामोचा दाब (व्होल्टेज) बॅटरीच्या दाबापेक्षा खाली येतो, बॅटरी उलट डायनामोतून रिकामी होऊ नये म्हणून रेग्युलेटरच्या डब्यातला कट-आउट संपर्क तोडतो, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो. त्या क्षणापासून गाडीतील प्रत्येक वस्तू केवळ बॅटरीवर चालते. इलेक्ट्रिक पंख्याची गरज नेमकी कधी असते? गाडी उभी असताना, इंजिन आयडलिंगवर असताना, म्हणजे डायनामो काहीही देत नसताना. हा विरोध समजला नाही तर पुढचे सर्व श्रम व्यर्थ आहेत.

पावसाळ्यातल्या संध्याकाळी कोंडीत उभ्या असलेल्या गाडीचा हिशेब मांडून पाहावा. ५५ वॅटचे दोन हेडलाइट सुमारे नऊ अँपिअर घेतात; इग्निशन कॉइल तीन ते चार, मागचे व डॅशबोर्डचे दिवे मिळून दोन, ब्रेकवर पाय असल्याने ब्रेकलाइट साडेतीन, वायपर तीन. ही बेरीज वीस-एकवीसवर जाते. छोट्या गाडीचा पंखा चालताना आणखी आठ ते दहा अँपिअर घेतो. तीस अँपिअरचा भार ४० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर टाकला तर कागदावर ती सव्वा तास पुरते. प्रत्यक्षात मोठा प्रवाह ओढला की बॅटरीची उपलब्ध क्षमता घटते, जुन्या बॅटरीत ती आधीच घटलेली असते, आणि इंजिन पुन्हा सुरू करण्यासाठी शिल्लक ठेवावी लागते ती वेगळीच. दाब उतरला की पंख्याची गती मंदावते, गाडी अधिक तापते आणि कॉइलची ठिणगीही दुबळी होते. "बॅटरी मोठी टाका" हा यावरचा सल्ला मी पूर्णपणे चुकीचा मानतो. मोठ्या बॅटरीने प्रसंग अर्ध्या तासाने पुढे ढकलला जातो आणि नंतर त्या रिकाम्या बॅटरीला भरण्याचा अतिरिक्त भार बिचाऱ्या डायनामोवर पडतो.

डायनामो आयडलिंगवर जोरात फिरावा म्हणून लहान पुली बसवण्याचा उपायही सुचवला जातो. तो करू नये. डायनामोत पूर्ण प्रवाह फिरत्या आर्मेचरच्या (वेटोळी गुंडाळलेल्या भागाच्या) कॉम्युटेटरमधून बाहेर येतो. महामार्गावर त्याची गती मर्यादेबाहेर गेली तर वेटोळी बाहेर फेकली जाऊ शकतात. ऑल्टर्नेटरमध्ये वीज स्थिर भागात तयार होते, फिरत्या भागाकडे फक्त त्याला चुंबक बनवणारा थोडा क्षेत्रप्रवाह जातो, म्हणून तो अधिक गतीने फिरवता येतो आणि आयडलिंगवरही उपयोगी वीज देतो. तेव्हा डायनामो असलेल्या गाडीला इलेक्ट्रिक पंखा हवाच असेल तर आधी किमान ३५ ते ४५ अँपिअरचा ऑल्टर्नेटर बसवावा, जुना रेग्युलेटर मंडलातून काढावा, ऑल्टर्नेटरपासून बॅटरीपर्यंत जाड तार ओढावी, आणि मगच पंख्याकडे वळावे. हा खर्च करायचा नसेल तर बेल्टवरचा पंखा ठेवावा. यात मधला मार्ग नाही.

ऑल्टर्नेटर असला तरी मोजमाप केल्याशिवाय पुढे जाऊ नये. इंजिन गरम असताना आयडलिंगवर हेडलाइट, वायपर व ब्रेकलाइट चालू करावेत, पंखा तात्पुरत्या तारांनी थेट बॅटरीला जोडावा आणि मल्टीमीटरने बॅटरीच्या टोकांवरचा दाब पाहावा. काही मिनिटांनंतरही तो १३ व्होल्टच्या वर टिकला तर हिशेब जुळला. १२.६ च्या खाली उतरत गेला तर गाडी बॅटरी खात आहे, आणि अशा गाडीत पंखा कायमचा बसवणे धोक्याचे आहे.

मायलेज वाढेल म्हणून पंखा बदलणाऱ्यांना एवढेच सांगतो की पंख्याला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे बचत खरी असते ती सतत उच्च गतीने फिरणाऱ्या मोठ्या इंजिनात. १०८९ घन सेंटीमीटरच्या पद्मिनीत ती सहज जाणवण्याइतकी नसते. इंजिन सकाळी लवकर गरम होणे, आवाज कमी होणे आणि साचलेल्या पाण्यातून जाताना पंखा बंद ठेवता आल्याने डिस्ट्रिब्युटरवर पाणी न उडणे, हे लाभ मात्र खरे आहेत.

इलेक्ट्रिक पंखा बसवताना

रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला बसणारा आणि काउलसह येणारा पंखा घ्यावा. पट्ट्यांची चौकट करून तो रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्याला कसावा. रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या टाय ओवून पंखा लटकवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती कधीही स्वीकारू नका, कारण कंपनाने टाय नळ्यांवर घासतात आणि वर्षभरात रेडिएटर गळू लागतो.

जुना पंखा काढल्यावर पुली आणि बेल्ट राहतातच, कारण वॉटर पंप त्यांच्यावरच चालतो. पंख्याचे बोल्ट बहुधा पुलीलाही धरून ठेवतात आणि पंख्याची जाडी गेल्यावर ते लांब पडतात, तळाला टेकतात आणि पुली सैलच राहते. तितक्या जाडीचे वॉशर घालावेत किंवा आखूड बोल्ट वापरावेत.

पंख्याची तार फ्यूज व रिलेमार्गे (रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) थेट बॅटरीकडून आणावी. तार किमान २.५ चौरस मिलिमीटरची असावी. मी ४ ची वापरतो. सुरू होताना मोटर चालू प्रवाहाच्या दुप्पट-तिप्पट खेचते, म्हणून दहा अँपिअरच्या पंख्याला २० चा फ्यूज योग्य ठरतो. रिलेच्या कॉइलला इग्निशनमधून वीज द्यावी. इंजिन बंद केल्यावर वॉटर पंप थांबतो, तेव्हा त्यानंतर पंखा चालू ठेवून लाभ थोडा आणि बॅटरीची हानी अधिक. ब्रिटिश घडणीच्या काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक चेसीसला जोडलेले असते. तिथे पंखा उलटा फिरत नाही ना, हे कागदाचा तुकडा जाळीसमोर धरून पाहावे.

पंखा आपोआप चालू-बंद करणाऱ्या तापमानाच्या स्विचची निवड थर्मोस्टॅटवरून, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेवरून, करावी. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडू लागत असेल तर पंखा सुमारे ९२ ला सुरू व ८७ ला बंद झाला पाहिजे. थर्मोस्टॅटचा आणि पंख्याचा आकडा फार जवळ असेल तर पंखा महामार्गावरही विनाकारण चालत राहतो. हा स्विच इंजिनकडून येणाऱ्या वरच्या पाण्यात असावा. खालच्या टाकीत बसवायचा असेल तर कमी अंशांचा घ्यावा, कारण तिथवर पाणी बरेच थंड झालेले असते. होजमध्ये धातूचा जोड घालून स्विच बसवला असल्यास त्या जोडाला स्वतंत्र अर्थ द्यावा लागतो. रबरी होजमधून अर्थ मिळत नाही. आणि गाडी तापते म्हणून कोणी थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगितले तर ऐकू नये.

डॅशबोर्डवर पंखा हाताने चालू-बंद करण्याचे बटण आणि पंखा चालू असल्याचे दाखवणारा छोटा दिवा लावावा. दिव्याची तार रिलेच्या पंख्याकडे जाणाऱ्या टोकावरून घ्यावी, म्हणजे फ्यूज उडाला किंवा रिले बिघडला तर दिवा लागणार नाही आणि काटा वर चढण्याआधीच तुम्हाला कळेल.

चाचणी

गाडी उन्हात आयडलिंगवर उभी ठेवावी आणि पंखा किमान तीन वेळा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत तिच्याजवळून हलू नये. त्यानंतर लगेच रिले, फ्यूजचा खाचा आणि अर्थची जोडणी बोटाने तपासावी: कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर ती जोडणी कापून नव्याने करावी. पहिल्या महिन्यात हीच तपासणी दर आठवड्याला करावी. जुना पंखा आणि त्याचे मूळ लांब बोल्ट भंगारात देऊ नका. दूरच्या प्रवासात ते डिकीत असले, तर मोटर जळाल्यास इलेक्ट्रिक पंख्याची चौकट सोडवून जुना पंखा रस्त्याच्या कडेलाच परत बसवता येतो.