गोदाघाटावरून सकाळचं थेट प्रसारण करताना

सातचं प्रसारण असेल तर नव्या कलाकाराला साडेपाचलाच घाटावर बोलवा. नदीकाठच्या दवानं तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडते, स्वर उतरतो. म्हणून तबला गोधडीत गुंडाळून आणायला मी आदल्या रात्रीच सांगते, आणि सातला पाच कमी असताना पुन्हा सुरात मिळवून घेते. माईक तोंडापासून वीतभर लांब, हनुवटीच्या जरा खाली. रामकुंडाकडची घंटा ऐकू आली तर येऊ द्या, नाशिकची सकाळ तशीच असते. राग सकाळचाच, अहिरभैरव किंवा तोडी. पण गाण्याच्या बारा मिनिटांत विलंबित, म्हणजे अगदी संथ लय, कोंबू नका, मध्यलय पुरे. मुलाखत गाण्यानंतरच. एकदा एक गुणी मुलगी स्वतःचं नाव सांगतानाच अडखळली, पुढे सूर लागेना. तेव्हापासून नाव मीच सांगते आणि लगेच तानपुऱ्याचा आवाज वर घेते.