म्हातारी मांजर ट्रेबाहेर शू करू लागली तर

दहा-बारा वर्षांची मांजर अचानक पायपुसण्यावर किंवा गादीवर शू करू लागली, तर ती मुद्दाम करतेय असं समजून रागावू नका. बऱ्याचदा यामागे दुखणं असतं, आणि त्यात सांधेदुखी सगळ्यात सहज नजरेआड होते. मांजर लंगडेलच असं नाही. ती उंच उडी टाळते, कंबरेपर्यंत मान वळवून चाटू शकत नाही, म्हणून तिथल्या केसांच्या गुठळ्या होतात. अशा मांजरीला १५ सेंटिमीटर उंच कडेचा ट्रे म्हणजे भिंतच. एका बाजूची कड ५-६ सेंटिमीटरपर्यंत कापा, धार सँडपेपरने घासा. वाळू ३-४ सेंटिमीटरच भरा, जाड थरात पाय रुततात. ट्रे तिच्या झोपायच्या जागेजवळ हवा; रात्री झिरोचा दिवा चालू ठेवा.

घाण झालेली जागा फिनाईलने पुसू नका, ते मांजरांना विषारी असतं. एन्झाइमवालं क्लीनर वापरा. वास उरला तर ती तिथेच परत जाते.

पाणी मोजून ठेवा. ४ किलोची मांजर दिवसाला २०० मिलीपेक्षा जास्त पीत असेल, तर मूत्रपिंड, मधुमेह आणि थायरॉइडसाठी रक्त-लघवी तपासून घ्या. ती कुंथतेय पण थेंबही येत नाही, विशेषतः बोका असेल, तर सकाळची वाट न पाहता लगेच डॉक्टरकडे न्या.

आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. एका गोळीनेही मांजर दगावू शकते.