अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्टॉक कार मालिकेचा इतिहास कसा अभ्यासावा

स्टॉक कारच्या, म्हणजे दिसायला बाजारातील नेहमीच्या मोटारींसारख्या गाड्यांच्या, शर्यती भरवणारी नॅसकार ही अमेरिकी संस्था 1948 साली स्थापन झाली आणि पश्चिमेकडील राज्यांसाठी तिची स्वतंत्र प्रादेशिक मालिका 1954 साली सुरू झाली, एवढे दोन टप्पे वहीत प्रथम नोंदवावेत. खरी अडचण नावांची आहे. धाराशिवचा जुना कागद शोधताना जसे उस्मानाबाद हे नाव ठाऊक असावे लागते, तसेच या मालिकेचे निकाल शोधताना तिची प्रायोजकांमुळे बदलत गेलेली नावे हाताशी ठेवावी लागतात: आरंभी पॅसिफिक कोस्ट लेट मॉडेल, 1971 पासून विन्स्टन वेस्ट, 2010 पासून के अँड एन प्रो सिरीज वेस्ट आणि 2020 पासून आर्का मेनार्ड्स सिरीज वेस्ट. शेवटच्या नावातील आर्का ही 1953 साली ओहायो राज्यातील टोलेडो येथे जन्मलेली वेगळी संस्था होती. नॅसकारने ती 2018 साली विकत घेतली, म्हणून तिचे जुने विक्रम या मालिकेत मिसळू नयेत.

त्यानंतर एखादा चालक निवडून त्याच्या मागोमाग जावे. हर्शेल मॅकग्रिफ यांनी 1986 साली विन्स्टन वेस्टचे विजेतेपद मिळवले आणि 2018 साली, वयाच्या नव्वदीत, अ‍ॅरिझोना राज्यातील टुसॉन येथे ते पुन्हा शर्यतीत उतरले. आपल्याकडे शंकरपटात मुरलेले म्हातारे धुरकरीसुद्धा हे ऐकून क्षणभर गप्प होतील.

थेट शर्यत पाहायची असल्यास घड्याळाचे गणित करावे: कॅलिफोर्नियात उन्हाळ्यातील शनिवारी सायंकाळी सात वाजतात, तेव्हा लातुरात रविवारी सकाळचे साडेसात झालेले असतात.